सेंट्रिफ्यूज आणि टँकच्या मधे

“मॅडम, एकदा तुमचं मशीन तपासून घ्या,” शिंदे म्हणाले. “आमचा माल बरोबर हाय.”

मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. शिंदे प्रॉडक्शन मॅनेजर, मूळचे साताऱ्याकडचे. सामंत सर साइट हेड. स्नेहल वाघमारे आर अँड डी मधली. आणि मी क्वालिटी कंट्रोलची, म्हणजे ज्या खात्याची आठवण कंपनीला फक्त वाईट बातमीच्या वेळी होते. टेबलावर माझा रिपोर्ट पडला होता. पायलट प्लांटची, म्हणजे चाचणीच्या छोट्या कारखान्याची, दुसरी बॅच, प्रॉडक्ट जवळजवळ शून्य. पहिल्या बॅचचीही तीच गत झाली होती.

“मशीन ठीक आहे,” मी म्हणाले. “कालच कॅलिब्रेट केलंय.”

“मग माल गेला कुठं? पाय फुटले का त्याला?”

“ते तुम्ही सांगायचं. प्लांट तुमचा आहे.”

सामंत सरांनी हात वर केला. त्यांना भांडण आवडत नाही, आणि आमच्या दोघांचं भांडण तर त्यांना पाठ झालं होतं. “हे बघा, देसाई शुक्रवारी येतायत. तिसरी बॅच मंगळवारी. ती गेली तर प्रोजेक्ट बंद. हेड ऑफिसने स्पष्ट सांगितलंय.”

हे बोलताना त्यांनी स्नेहलकडे बघायचं टाळलं. शिंद्यांना दुसरे प्लांट होते आणि मला दुसऱ्या बाटल्या. पण स्नेहलची पोस्टच या प्रोजेक्टवर होती. प्रोजेक्ट संपला की तिची नोकरी संपली. आईला नांदेडहून कामोठ्याला आणून तिला फार दिवस झाले नव्हते. ती पेनाचं टोपण काढत-घालत बसली होती. त्या टोपणाच्या आवाजाने माझं डोकं आणखी तापलं.

आम्ही काय बनवत होतो ते सांगते. अवघड नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. मोठी माळ असली की तिला प्रोटीन म्हणायचं. माळेत कुठला मणी कुठे ओवायचा हे ठरवून घेतलं, तर ती माळ एखाद्या ठरावीक वस्तूला चिकटते. कुणी टायटॅनियमला चिकटणारी बनवतं, कुणी सोन्याला. स्नेहलची माळ काचेला चिकटत होती. काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि तिच्या माळेत धन भाराचे मणी जास्त होते, म्हणून ती धरून बसायची. या माळेच्या दुसऱ्या टोकाला तिने एक छोटं प्रोटीन जोडलं होतं, आणि ते अँटिबॉडीला पकडायचं. म्हणजे एक हात काचेला, दुसरा हात अँटिबॉडीला. आमचा क्लायंट देसाई. ते काचेच्या पट्ट्यांवर रक्त तपासायची किट बनवतात. पट्टीवर अँटिबॉडी नीट उभी राहावी यासाठी त्यांना हे हवं होतं.

ही माळ कारखान्यात ओवत बसायची नसते. तिची जनुकीय कृती ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालायची. लॅबमधला हा जिवाणू निरुपद्रवी असतो. त्याला साखर, हवा आणि ऊब द्यायची, की तो वाढतो आणि आपलं प्रॉडक्ट पोटात भरून ठेवतो. मग त्याचं पोट फोडायचं, फोलपटं बाजूला काढायची आणि पाणी ठेवायचं. आपला माल त्या पाण्यात असतो.

लॅबमध्ये हे सगळं सुरेख चालत होतं. खाली प्लांटमध्ये मात्र जिवाणूंच्या पोटात माल दिसायचा आणि शेवटच्या टँकमध्ये दिसायचा नाही. फॉर्म्युला तोच, जिवाणू तोच, पाणीसुद्धा तेच.

मीटिंगमधून उठले ती तडक लॅबमध्ये गेले. शिंद्यांचं बोलणं मला झोंबलं होतं, खोटं कशाला सांगू. माझ्या मशीनवर कुणी बोट ठेवलं की मला माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवल्यासारखं होतं. मी स्नेहलकडून तिचा लॅबमधला खात्रीचा माल मागून घेतला. माझ्या नेहमीच्या व्हायल्समध्ये भरला, म्हणजे छोट्या बाटल्यांमध्ये, आणि मशीनवर लावला. आकडा निम्म्याहूनही कमी आला.

मी परत लावला. तसाच कमी.

मी खुर्चीत बसले. बाजूला स्नेहलची मूळ ट्यूब होती, प्लास्टिकची. आणि मशीनवर माझ्या व्हायल्स होत्या, काचेच्या.

“स्नेहल,” मी हाक मारली. “इकडे ये गं जरा.”

ती आली, तिने बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. “मॅडम, काचेला चिकटणारी वस्तू आपण काचेत ठेवतोय.”

आमच्या धंद्यात काचेची व्हायल ही इतकी रोजची गोष्ट आहे की ती कुणाला दिसतच नाही. मी प्लास्टिकच्या व्हायल्स मागवल्या. सामंत सरांना फोन केला. ते इतके खूश झाले की त्यांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना बटाटेवडे सांगितले. शिंद्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, “म्या आदीच म्हणलं व्हतं, मशीन तपासा.” मी तेही ऐकून घेतलं.

मग प्लांटमधून दोन्ही बॅचेसचे राखून ठेवलेले नमुने आणले. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये होते. प्लास्टिकच्या व्हायल्समध्ये भरून लावले. आकडा आला, पण नावाला. रुपयात पाच पैसे. बाकीचा माल खरंच टँकपर्यंत पोचला नव्हता.

वडे फुकट गेले.

पण एक झालं. चोराची सवय कळली होती. जिथे काच, तिथे तो थांबणार. आम्ही प्लांटमध्ये काच शोधायला लागलो. आमचा पायलट प्लांट पूर्वी औषधांच्या कच्च्या मालाचा होता, त्यामुळे तिथे एक ग्लास-लाइन्ड व्हेसल होती. म्हणजे बाहेरून लोखंडी, आतून काचेचा मुलामा, आम्लाने लोखंड खाऊ नये म्हणून. दोन्ही बॅचेसमध्ये माल शेवटी त्यातच साठवला होता. सामंत सरांनी जाहीर करून टाकलं की गुन्हेगार सापडला.

मला पटेना. मी कागदावर साधा हिशेब मांडला. त्या व्हेसलच्या आतल्या भिंतीवर माल कितीही दाटीवाटीने चिकटला, तरी त्याचा थर एका रेणूएवढा पातळ. चमचाभरसुद्धा व्हायचा नाही. आणि आमचा माल त्याच्या कितीतरी पटीने गायब होता.

“सर, एवढी भिंत एवढा माल खाऊ शकत नाही.”

“पण थोडा तरी खाते ना?”

“थोडा खाते.”

“मग तो थोडा तरी वाचवा,” सर म्हणाले. “तिसरी बॅच स्टीलच्या टँकमध्ये घ्या.”

त्यांचंही बरोबर होतं. बुडत्याला काडीचा आधार.

मंगळवारी सकाळी मी ठरवलं की नमुने वर यायची वाट बघायची नाही, आपणच खाली जायचं. सेफ्टी शूज चढवले, हेल्मेट घातलं आणि प्लास्टिकच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन प्लांटमध्ये गेले. क्यूसी वाली बाई प्लांटमध्ये आली की ऑपरेटर लोक आपापले मास्क वर ओढतात. मी म्हटलं, घाबरू नका, आज ऑडिट नाही.

स्नेहलने एक झटपट टेस्ट तयार केली होती. काचेच्या तुकड्यावर द्रवाचा एक थेंब ठेवायचा, थोडं थांबायचं, पाण्याने धुवायचं. मग त्यावर लाल रंगाची अँटिबॉडी टाकायची आणि पुन्हा धुवायचं. माल असला तर गुलाबी डाग उरतो. नसला तर काच कोरी. चहा गार व्हायच्या आत उत्तर.

जिवाणू फोडणाऱ्या मशीनमधून पहिला नमुना घेतला. गडद गुलाबी. स्नेहलने मान डोलावली.

तिथून द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये गेला. हे मशीन गरगर फिरवून जड फोलपटं बाजूला टाकतं. त्याच्या बाहेरच्या तोंडाशी दुसरा नमुना घेतला. द्रव थोडा गढूळ होता, पण डाग परत गडद गुलाबी.

“आला,” स्नेहल पुटपुटली. “इथपर्यंत आला.”

मग स्टीलच्या टँकमधून तिसरा नमुना. द्रव स्वच्छ, आरपार दिसणारा. काचेवर थेंब ठेवला, धुतला, लाल टाकलं, धुतलं.

कोरी काच.

स्नेहलने पुन्हा केलं. पुन्हा कोरी. ती काच हातात धरून तशीच उभी राहिली. मी शिंद्यांना हाक मारली, जरा जास्तच जोरात.

“शिंदे, सेंट्रिफ्यूज आणि टँकच्या मधे काय आहे?”

“काय न्हाय मॅडम. सेंट्रिफ्यूजमधून निघतो, टँकमदी जातो.”

“तिकडे गढूळ होता. इकडे पाण्यासारखा स्वच्छ आहे. आपोआप झाला?”

“आपोआप कसा हुईल? बेडवरनं घेतलाय की.”

“कसला बेड?”

शिंद्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, चहात साखर घालता का. “फिल्टर एडचा, मॅडम. नेहमीचाच. गढूळ माल टँकमदी कसा घ्यायचा?”

फिल्टर एड म्हणजे एक पांढरी, पिठासारखी पावडर. कापडावर तिचा जाड थर द्यायचा, त्याला बेड म्हणतात, आणि त्यावरून गढूळ द्रव ओढायचा. घाण वर राहते, स्वच्छ पाणी खाली उतरतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्याने कुणी केमिकल प्लांटमध्ये नोकरी केली आहे, त्याचा हात गढूळ द्रव दिसला की आपोआप त्या पांढऱ्या पोत्याकडे जातो. हे कुणी शिकवत नाही, कुणी सांगत नाही आणि म्हणून कुणी विचारतही नाही. लॅबमध्ये स्नेहलचं छोटं सेंट्रिफ्यूज इतकं जोरात फिरतं की द्रव स्वच्छच निघतो. तिला बेडची कधी गरज पडली नाही. त्यामुळे असा काही बेड असतो हेही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि ती पांढरी पावडर काय असते? समुद्रातल्या आणि तळ्यांतल्या सूक्ष्म शेवाळांची जुनी कवचं. ती कवचं सिलिकाची असतात. काचही मुळात सिलिकाच.

मी आणि स्नेहल एकमेकींकडे बघतच राहिलो. व्हेसलची भिंत म्हणजे खडीसाखरेचा एक खडा. ही पावडर म्हणजे पिठीसाखर, आणि तीही पोतंभर. कणाकणाला पृष्ठभाग. आमचा माल टँककडे निघाला होता आणि वाटेत आम्हीच त्याच्यासाठी पोतंभर काच अंथरून ठेवली होती.

“शिंदे, तो बेड कुठे आहे?”

“फिल्टरमदीच हाय. आता पोरं काढतील, हायपोमदी टाकतील.” हायपो म्हणजे ब्लीचिंगचं द्रावण. जिवाणूंचा कचरा त्यात मारल्याशिवाय बाहेर टाकता येत नाही. पहिल्या दोन्ही बॅचेसचे बेड तसेच गेले होते.

“थांबवा त्यांना.”

शिंदे जाडजूड माणूस, पण जिना त्यांनी असा गाठला की मी बघत राहिले. वरून त्यांचा आवाज आला, “ए, हात लावू नको. फावडं खाली ठेव आदी.”

फिल्टरमधून एक चमचा ओला बेड घेतला. धुतला, त्यावर लाल अँटिबॉडी टाकली, पुन्हा धुतला. शेजारी पोत्यातली कोरी पावडर घेऊन तिच्यावरही तेच केलं. कोरी पावडर पांढरीच राहिली. आमचा बेड गुलाबी झाला, दुकानातल्या गुलाबी आइस्क्रीमसारखा.

शिंद्यांनी तो चमचा हातात घेतला. “म्हंजे दोन बॅचा म्या हायपोमदी घातल्या?”

“तुम्ही नाही,” मी म्हणाले. “आपण सगळ्यांनी.” आणि त्या क्षणी मला ते मनापासून वाटत होतं.

आता चिकटलेला माल सोडवायचा कसा? हे स्नेहलला माहीत होतं. माळेतले जे मणी काचेला धरतात, त्यातलाच एक सुटा मणी भरपूर टाकायचा. त्याचं नाव लायसिन. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांच्या पाठीशी पुढच्या पंगतीची माणसं येऊन उभी राहिली की बसलेले लवकर उठतात, तसं. लायसिनची गर्दी झाली की पेप्टाइडला जागा सोडावी लागते.

तिने लॅबमधलं लायसिन आणलं, चमचाभर बेडवर ओतलं, हलवलं आणि वरचं पाणी काढलं. मला धीर नव्हता. मी तिच्या हातातून ड्रॉपर घेतला आणि काचेवर थेंब ठेवला. धुतला, लाल टाकलं, धुतलं.

कोरी.

शिंद्यांनी हेल्मेट काढून बगलेत धरलं. मला वाटलं, संपलं.

“अहो मॅडम,” स्नेहल म्हणाली, “त्यात लायसिन आहे ना. त्याच्या गर्दीत हे काचेला चिकटेल कसं? आधी पातळ करा.”

तिने थेंबात भरपूर पाणी घातलं आणि नवीन काच घेतली. या वेळी मी हात मागे बांधून उभी राहिले. डाग उमटला, लख्ख गुलाबी. माझे डोळे भरून आले ते मी हेल्मेटच्या पट्ट्यावर ढकललं.

आता प्रश्न होता तो पोतंभर लायसिनचा. लॅबमध्ये होती एक बाटली. केमिकलचे सप्लायर पुढच्या आठवड्याचं बोलत होते, आणि बेडमधला माल तितके दिवस टिकणार नव्हता.

“लायसिन म्हंजे ते कोंबड्यांच्या खाद्यात घालत्यात तेच ना?” शिंद्यांनी विचारलं. “माझ्या साडूची पोल्ट्री हाय लोणंदला. त्याचा डीलर कळंबोलीत बसतो. गोडाऊनमदी पोत्यानं असतं.”

सामंत सर तोवर खाली आले होते. “शिंदे, आपण डायग्नॉस्टिकचा माल बनवतोय. त्यात कोंबडीचं खाद्य?”

“सर, लायसिन शेवटी गाळून टाकायचंच आहे,” मी म्हणाले. “आणि पोतं आलं की आधी मी तपासते. माझं मशीन ठीक आहे.”

शिंद्यांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

पोतं दुपारी आलं. मी तपासलं, चांगलं निघालं. फिल्टरला थंड पाणी फिरवून बेड गार ठेवला होता. आधी साध्या द्रावणाने तो भरपूर धुतला, म्हणजे जिवाणूंची बाकीची घाण निघून जाईल. मग लायसिनचं द्रावण वरून सोडलं, मुरू दिलं आणि हळूहळू खाली ओढलं. प्लास्टिकच्या ड्रममध्ये. स्टीलच्या टँकलासुद्धा या वेळी कुणी जवळ येऊ दिलं नाही.

मी नमुना वर नेला आणि आकडा बघून परत एकदा लावला. माल जवळजवळ सगळा परत आला होता. पण मला खरा धक्का पुढे बसला. तो स्वच्छ होता. नेहमी असा माल स्वच्छ करायला दोन-तीन कॉलम लागतात, म्हणजे महागड्या मण्यांनी भरलेल्या नळ्या, ज्यांतून द्रव सावकाश सोडायचा. इथे घाण धुण्यात निघून गेली होती आणि आमचा माल तेवढा बेडला धरून बसला होता. पोत्यातल्या पांढऱ्या पावडरीने कॉलमचं काम केलं होतं.

मी जिन्यातूनच स्नेहलला आकडा सांगितला. ती पायरीवर बसली. आधी हसली, मग थोडी रडली, आणि मग म्हणाली, “मॅडम, मी आईला सांगितलंच नव्हतं. ती रोज विचारायची, ऑफिस कसं चाललंय.”

“आता सांग,” मी म्हणाले. “चांगलं चाललंय म्हणून.”

शुक्रवारी देसाई आले. कळंबोलीच्या सर्कलला ट्रेलर आडवा झाला म्हणून उशिराच आले, आणि तेवढ्यात स्नेहलने लायसिन काढून टाकलेला माल त्यांच्याच काचपट्ट्यांवर लावून तयार ठेवला. देसायांनी पट्ट्या उजेडात धरून बघितल्या. एक पट्टी उलटी करून परत बघितली.

“प्युरिटी चांगली आहे,” शेवटी म्हणाले. “कॉलम कुठला वापरलात?”

सामंत सरांनी माझ्याकडे बघितलं. मी शिंद्यांकडे.

“बेड, साहेब,” शिंदे म्हणाले. “नेहमीचाच.”

प्रोजेक्ट चालू राहिला. स्नेहलची पोस्ट कायम झाली, आणि तिची आई आम्हा सगळ्यांसाठी धपाटे करून पाठवते. प्रोसेसमध्ये आता त्या बेडला सिलिका अफिनिटी कॅप्चर असं भारदस्त नाव आहे. प्लांटमध्ये त्याला कुणीही तसं म्हणत नाही. बदल एवढाच, की आता बेड झाला की कुणी फावडं घेऊन येत नाही, शिंदे स्वतः पहारा देतात.

विचार केला तर आमच्या मालाने काहीच चूक केली नव्हती. त्याला काचेला धरायलाच बनवलं होतं आणि त्याने पहिली काच दिसताच धरली. तो इमानदारीने आपलं काम करत होता आणि आम्ही त्याला हरवला म्हणून शोधत होतो.

तेव्हापासून कुठल्याही प्रोजेक्टची मीटिंग असली की मी एकच प्रश्न विचारते, या दोन मशीनच्या मधे काय आहे? आणि कुणी “काही नाही” म्हणालं की मी वाद घालत नाही. सेफ्टी शूज चढवते आणि खाली जाते.